तलवारीपलीकडची तलवार

जपानी खड्गविद्येचे आचार्य यामाओका तेश्शू : जीवन आणि शिक्षणदृष्टी

मार्च १८७६ मध्ये जपानच्या नव्या सरकारने एक आज्ञा काढली. सैन्यातील व पोलीस दलातील मंडळी आणि समारंभाच्या गणवेषातील अधिकारी यांच्याखेरीज कोणीही कमरेला तलवार लावून फिरू नये, असे त्या आज्ञेने ठरविले. शेकडो वर्षे सामुराई वर्गाची ओळख असलेली वस्तू घराच्या कोपऱ्यात जाऊन पडली. खड्गविद्या शिकविणाऱ्या अनेकांची उपजीविका तर त्याआधीच बंद पडली होती. साकाकिबारा केनकिची या नामवंत खड्गधराने १८७३ मध्ये टोकियोत तिकीट लावून तलवारबाजीचे जाहीर सामने भरविले, ते अशा बेकार झालेल्या सहकाऱ्यांच्या घरच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणूनच.

पुढे काही वर्षांतच त्याच शहरात यामाओका तेश्शू नावाच्या एका गुरूने आपल्या राहत्या घराच्या आवारात तालीम उघडली. तेथे प्रेक्षक नव्हते, तिकीटही नव्हते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यास पहिली तीन वर्षे एकच गोष्ट करावी लागे. समोरच्यावर सरळ चालून जायचे आणि वार करायचा. बचावाचे पवित्रे नाहीत, हुलकावण्या नाहीत, चुरशीच्या लढती नाहीत. ज्या शस्त्राचे काम कायद्यानेच संपविले, ते शिकण्यासाठी तरुणांनी एवढे कष्ट का उपसावेत, असा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला असेल. तेश्शूंचे सारे आयुष्य म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. त्या उत्तराचा अखेरचा दुवा त्यांना एका व्यापाऱ्याच्या नफा-तोट्याच्या अनुभवातून गवसला, ही गोष्ट बँकेशी नाते असलेल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल.

पोरके घर, फाटके कपडे

तेश्शूंचा जन्म १८३६ मध्ये एडो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. मूळ नाव ओनो तेत्सुतारो. वडील तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तत्कालीन लष्करी राज्यकर्त्यांच्या सेवेतील अधिकारी होते. १८४५ मध्ये त्यांची नेमणूक हिदा प्रांताचे प्रशासक म्हणून झाली आणि सारे कुटुंब डोंगराळ प्रदेशातील ताकायामा या गावी गेले. तलवारीचे शिक्षण लहानपणीच सुरू झाले होते. ताकायामात इनोउए कियोतोरा या शिक्षकाकडून त्यांना होकुशिन इत्तो-र्यू या घराण्याची विद्या मिळाली. ‘र्यू’ म्हणजे घराणे. आपल्याकडे गायकीत जसे घराणे असते, तसेच ते खड्गविद्येतही असते. सुलेखनाचे धडे त्यांनी इवासा इत्तेई या आचार्यांकडे गिरविले आणि कोवळ्या वयातच त्या परंपरेचे उत्तराधिकारी म्हणून मान्यता मिळविली.

पंधराव्या वर्षी या मुलाने स्वतःसाठी वीस नियम लिहून काढले. खोटे बोलू नये, आईवडिलांचे व गुरूंचे ऋण विसरू नये, असे साधे नियम त्यांत आहेत. नावलौकिकासाठी किंवा लाभासाठी विद्या शिकू नये, असाही एक नियम आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने लिहिलेला नियम अनेकदा वहीतच राहतो. तेश्शूंच्या बाबतीत तसे झाले नाही.

१८५१ मध्ये आई गेली, पुढच्याच वर्षी वडील गेले. पाच धाकट्या भावांना घेऊन तेश्शू एडोला परतले. सर्वांत धाकटा तर अजून दुधावरचा होता. त्या तान्ह्या भावासाठी दारोदार दूध मागत फिरणारा धिप्पाड तरुण, असे त्यांचे चित्र चरित्रकार रेखाटतात. वडिलांनी मागे ठेवलेल्या पैशाचा बहुतेक भाग त्यांनी भावांच्या नावे वाटून दिला, एकेकाची चांगल्या घरी सोय लावली आणि स्वतःकडे जेमतेम काही ठेवले. पुढची अनेक वर्षे दारिद्र्यात गेली. फाटक्या कपड्यांमुळे लोक त्यांना ‘बोरो-तेत्सु’, म्हणजे ‘फाटका तेत्सु’ म्हणत. तालमीतील त्यांच्या आक्रमक खेळामुळे दुसरेही एक नाव पडले होते, ते ‘ओनि-तेत्सु’, म्हणजे ‘राक्षस तेत्सु’.

शोगुनशाहीच्या कोबुशो या युद्धविद्यालयात ते दाखल झाले. यामाओका सेइझान यांच्याकडे त्यांनी भालाफेकीची नव्हे, तर भाल्याने समोरासमोर लढण्याची विद्या शिकण्यास सुरुवात केली. परंतु गुरू १८५५ मध्ये अकाली निवर्तले. त्या घराण्याचे नाव चालू राहावे म्हणून तेश्शूंनी गुरूंच्या धाकट्या बहिणीशी विवाह केला आणि यामाओका हे आडनाव स्वीकारले. गुरुऋण फेडण्याची ही रीत त्यांच्या स्वभावाला साजेशीच होती.

शत्रूच्या छावणीतून

१८६८ मध्ये जपानमध्ये सत्तांतर झाले. शोगुन तोकुगावा योशिनोबू यांनी सत्ता सोडली होती, तरीही सम्राटाच्या नावाने लढणारे सैन्य एडोच्या दिशेने कूच करीत होते. सुमारे दहा लाख लोकवस्तीचे ते शहर. युद्ध पेटले असते, तर लाकूड आणि कागदाच्या घरांची ती नगरी जळून खाक झाली असती.

अशा वेळी शोगुनांचा दूत म्हणून तेश्शू निघाले. सम्राटपक्षाचे सेनाधिकारी सैगो ताकामोरी यांचा तळ सुनपू येथे, म्हणजे आजच्या शिझुओकात पडला होता. वाटेत शत्रूच्या तुकड्या पसरलेल्या होत्या. तेश्शूंनी वेषांतर केले नाही, आडवाट धरली नाही. बंदुका सज्ज असलेल्या सैनिकांच्या समोर जाऊन त्यांनी मोठ्या आवाजात आपले नाव सांगितले, आपण सम्राटाचे शत्रू ठरविलेल्या योशिनोबूंचे सेवक आहोत आणि सेनापतींच्या भेटीस निघालो आहोत, असेही सांगितले व तसेच पुढे गेले. कोणी हात उचलला नाही.

सैगोंनी तहाच्या अटी पुढे केल्या. योशिनोबूंना दुसऱ्या एका सरदाराच्या ताब्यात द्यावे, ही त्यांतील एक अट होती. बाकीच्या अटी तेश्शूंना मान्य झाल्या, ही मात्र झाली नाही. आपल्या धन्यावर अशी वेळ आली असती, तर आपण त्यांना असे सोपवून मोकळे झाला असता काय, असा प्रश्न त्यांनी सैगोंना विचारला. सैगो काही काळ गप्प राहिले आणि मग ती अट त्यांनी आपल्या जबाबदारीवर बाजूला ठेवली. त्यानंतर काही दिवसांनी एडोत सैगो आणि शोगुनपक्षाचे मुत्सद्दी कात्सु काइशू यांची भेट झाली व एडोचा किल्ला लढाईवाचून हाती सोपविण्यात आला. या भेटीची वाट तेश्शूंनी मोकळी केली होती. नावाजलेल्या या खड्गधराने आयुष्यात एकाही माणसाचा जीव घेतला नाही, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयात तलवार म्यानातच राहिली होती.

पराभवाची सतरा वर्षे

बाहेरच्या जगात ज्यांना कोणी अडवू शकले नाही, त्या तेश्शूंना तालमीत मात्र एका माणसाने अडवून ठेवले होते. त्याचे नाव आसारी योशिआकी. १८६३ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तेश्शूंनी इत्तो-र्यू घराण्याच्या या आचार्यांशी सामना केला. तेश्शू सहा फुटांहून उंच, ताकदीने दांडगे. सामना बराच वेळ चालला. अखेर धक्काबुक्कीत तेश्शूंनी आसारींना खाली पाडले आणि आपण जिंकलो असे त्यांना वाटले. पडता पडता आपण तुमच्या छातीकवचावर वार केला आहे, असे आसारींनी शांतपणे सांगितले. पाहिले तो कवचाच्या तीन बांबूपट्ट्या मोडलेल्या होत्या. पट्ट्या किडीने पोखरलेल्या असतील, असे म्हणून तेश्शू घरी गेले. तेथे मेहुणे ताकाहाशी देइशू यांनी त्यांना स्पष्टच सांगितले, की तो वार खरा होता. दुसऱ्या दिवशी तेश्शू आसारींकडे गेले आणि त्यांचे शिष्य झाले.

त्यानंतरचा काळ अवघड होता. आसारी तलवार रोखून एकेक पाऊल पुढे येत आणि तेश्शू मागे सरत. भिंतीपर्यंत, कधी तालमीच्या दाराबाहेरपर्यंत. ताकद कामास येईना, वेग कामास येईना. डोळे मिटले तरी आसारींची आकृती पर्वतासारखी समोर उभी राही, असे तेश्शूंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

अडचण हातात नसून मनात आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी झेन साधनेचा मार्ग अधिक निष्ठेने धरला. ‘झेन’ हा शब्द संस्कृत ‘ध्यान’ या शब्दावरूनच आला आहे. भारतातून चीनमध्ये गेलेल्या या शब्दाचे तेथे ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’. १८७२ पासून दहा वर्षे तेश्शू सम्राट मेइजी यांच्या खासगी सेवेत होते. त्या काळातही सुट्टी मिळाली, की हाकोनेचा घाट ओलांडून ते मिशिमाजवळच्या र्युताकुजी या मंदिरात गुरूंच्या भेटीस जात. पुढे क्योतोच्या तेनर्युजी मंदिराचे आचार्य तेकिसुई यांनी त्यांना चिंतनासाठी एक कोडे दिले. समोरासमोर भिडलेल्या दोन तलवारींविषयीचे ते वचन होते. तीन वर्षे तेश्शूंनी त्यावर विचार केला, तरी गाठ सुटेना.

व्यापाऱ्याचा धडा

१८८० च्या मार्च महिन्यात योकोहामा येथील एक धनाढ्य व्यापारी तेश्शूंकडे सुलेखन लिहून घेण्यासाठी आला. हे व्यापारी म्हणजे हिरानुमा सेन्झो, असे मानले जाते. पुढे त्यांनी स्वतःची बँकही काढली. बोलण्याच्या ओघात या व्यापाऱ्याने आपल्या उमेदवारीच्या काळातील एक अनुभव सांगितला. तेश्शूंनी तो नंतर लिहून ठेवल्यामुळे आज आपल्याला वाचावयास मिळतो.

व्यापाऱ्याजवळ त्या वेळी चारपाचशे येनचेच भांडवल होते. त्या पैशातून त्याने माल खरेदी केला आणि लगेच भाव उतरू लागले. माल लवकर विकून मोकळे व्हावे, असे त्याला वाटू लागले. त्याची घालमेल ओळखून इतर व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडून मागितला. छातीत धडधड सुरू झाली, काय करावे ते सुचेना. शेवटी ‘व्हायचे ते होवो’ असे म्हणून त्याने विक्रीचा विचारच सोडून दिला. काही दिवसांनी तेच व्यापारी परत आले आणि खरेदीच्या किमतीवर दहा टक्के अधिक द्यावयास तयार झाले. आता त्याला तेवढे पुरेना. पाच टक्के आणखी वाढवून मिळत होते, तरी त्याने दिला नाही. अजून चढेल, अजून चढेल, असे करता करता भाव पुन्हा कोसळले आणि अखेर वीस टक्क्यांहून अधिक तोटा सोसून त्याला माल विकावा लागला.

या फटक्यातून आपण व्यापार शिकलो, असे त्याचे म्हणणे होते. नफ्याची आशा धरली की छाती धडधडते, तोट्याची भीती धरली की अंग आकसते. अशा माणसाच्या हातून मोठा व्यवहार होत नाही. म्हणून पुढे त्याने एक शिस्त लावून घेतली. मन स्वच्छ असताना सर्व बाजूंनी विचार करून निर्णय घ्यायचा आणि एकदा कामाला हात घातला, की नफा-तोट्याने मन हलू द्यायचे नाही.

व्यापारी निघून गेला. तेश्शू मात्र त्याच्या शब्दांवर विचार करीत राहिले. व्यापाऱ्याच्या गोष्टीत आसारींची तलवार दडली आहे, असे त्यांना जाणवले. आपण मागे सरतो ते आसारींच्या कौशल्यामुळे की हरण्याच्या भीतीमुळे? दिवसा हाती तलवार आणि रात्री ध्यान, असे चारपाच दिवस गेले. ३० मार्च १८८० च्या पहाटे ध्यानाला बसले असताना त्यांच्या मनापुढून आसारींची ती आकृती नाहीशी झाली. त्यांनी तलवार हाती घेऊन पाहिली. समोर अडविणारे कोणी उरले नव्हते.

मग त्यांनी आसारींना सामन्यासाठी बोलाविले. दोघे समोरासमोर उभे राहिले. तलवारी भिडण्यापूर्वीच आसारींनी आपली तलवार खाली ठेवली, मुखकवच काढले आणि तुम्ही पोहोचलात, अशा अर्थाचे उद्गार काढले. इत्तो-र्यूची अंतिम विद्या त्यांनी तेश्शूंच्या स्वाधीन केली. सतरा वर्षांचा पराभव असा एकही वार न होता संपला.

वसंतवाऱ्याची तालीम

आपल्या या अनुभवातून तेश्शूंनी जे घराणे उभारले, त्याला त्यांनी ‘मुतो-र्यू’ असे नाव दिले. ‘मुतो’ म्हणजे तलवार नसणे. मनाबाहेर तलवार नाही, असा त्याचा आशय ते सांगत. समोर शत्रू आहे, आपल्या हाती तलवार आहे, आपण जिंकू किंवा हरू, हे तिन्ही विचार गळून पडले, की हात आपोआप योग्य वेळी योग्य ते करतो, ही त्यामागची धारणा. १८८५ मध्ये मूळ इत्तो-र्यू घराण्याच्या वारसाने आपल्या परंपरेतील लेख आणि वंशपरंपरेने चालत आलेली तलवार तेश्शूंच्या हवाली केली. त्यानंतर घराण्याचे नाव ‘इत्तो शोदेन मुतो-र्यू’ असे झाले.

त्यांच्या तालमीचे नाव होते ‘शुनपूकान’, म्हणजे वसंतवाऱ्याचे घर. तेराव्या शतकातील झेन आचार्य मुगाकू सोगेन यांच्यावर मोंगल सैनिकांनी तलवारी उगारल्या असता, माझा शिरच्छेद म्हणजे विजेने वसंतवाऱ्याला कापण्यासारखे आहे, अशा अर्थाची रचना त्यांनी म्हटली होती, अशी कथा आहे. तालमीचे नाव त्या कथेतून आले. नाव कोमल असले, तरी शिस्त कठोर होती.

पहिली तीन वर्षे केवळ वार करण्याचा सराव, हा नियम वर आलाच आहे. त्यामागे हिशेब होता. नवशिक्याला डावपेच शिकविले, की तो लगेच वार चुकविण्याचा आणि गुण मिळविण्याचा विचार करू लागतो. म्हणजे विद्येच्या पहिल्याच दिवशी हार-जितीची भीती त्याच्या अंगात मुरते. बचावाचा विचारच मनात न आणता हजारो वेळा सरळ वार करणाऱ्याचे शरीर मोकळे होते, श्वास लांब होतो आणि पुढे जाण्याची सवय लागते. बाकीचे पुढे शिकविता येते.

तलवारीच्या लांबीविषयीही त्यांचा आग्रह होता. सरावासाठी बांबूच्या पट्ट्यांची ‘शिनाई’ वापरतात. एकोणिसाव्या शतकात सामने जिंकण्याच्या ओढीने शिनाई लांबत गेली. ओइशी सुसुमु या खेळाडूने तर पाच फुटांहून लांब शिनाई वापरून एडोतील अनेक तालमी गाजविल्या. कोबुशो विद्यालयाने अखेर सुमारे ११५ सेंटिमीटरची मर्यादा घातली. तेश्शूंना तीही अधिक वाटे. त्यांच्या तालमीतील शिनाई जाड आणि आखूड, सुमारे ९७ सेंटिमीटरची असे. लांब काठीने दुरून स्पर्श करून गुण मिळतो. आखूड तलवारीने लढावयाचे, तर समोरच्याच्या टप्प्यात पाऊल टाकावेच लागते. भीती ओलांडल्याशिवाय वार पोहोचू नये, अशी सोयच त्यांनी करून ठेवली होती.

सर्वांत कठीण परीक्षा ‘सेइगान’, म्हणजे प्रतिज्ञा, या नावाने ओळखली जाई. खंड न पडता एक हजार दिवस सराव केलेल्या शिष्याला ती मागता येई. पहिल्या पायरीवर एका दिवसात २०० लढती, एकामागून एक, दर वेळी ताज्या दमाच्या प्रतिस्पर्ध्याशी. दुसऱ्या पायरीवर तीन दिवसांत ६००. अखेरच्या पायरीवर सात दिवसांत १,४००. खाण्यास तांदळाची पातळ पेज आणि खारविलेली आंबट फळे. कागावा झेन्जिरो या शिष्याने आपल्या तीन दिवसांच्या परीक्षेचे वर्णन केले आहे. तिसऱ्या दिवशी उभे राहण्याचेही बळ नव्हते. अशात आडदांड खेळासाठी कुप्रसिद्ध असलेला एक प्रतिस्पर्धी समोर आला. आता याने डोके फोडले तरी चालेल, असे म्हणून कागावांनी जिवाची आशा सोडून तलवार उचलली. त्याच क्षणी तेश्शूंनी ‘शाबास’ म्हणून लढत थांबविली. पुढे काय होते, हे पाहण्याची त्यांना गरज उरली नव्हती. स्वतःला ज्यासाठी सतरा वर्षे लागली, तो क्षण त्यांनी शिष्याच्या चेहऱ्यावर ओळखला होता.

तलवार न धरणारे शिष्य

तेश्शूंकडे येणारे सर्वच तलवार शिकत नव्हते. सान्युतेई एन्चो हे त्या काळातील ख्यातनाम कथाकथनकार. जपानमधील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली मोमोतारोची गोष्ट सांगा, असे तेश्शूंनी त्यांना एकदा म्हटले. एन्चोंनी आपले सारे कसब लावून गोष्ट सांगितली. तुम्ही जिभेने सांगता, म्हणून मोमोतारो जिवंत होत नाही, असा अभिप्राय तेश्शूंनी दिला. एन्चो दुखावले, पण गेले नाहीत. त्यांनी तेश्शूंच्या मार्गदर्शनाखाली ध्यानसाधना केली आणि पुढे पुन्हा ती गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांना ‘मुझेत्सु’, म्हणजे ‘जीभ नसलेला’, हे नाव मिळाले. तलवार नसलेली तलवार आणि जीभ नसलेली कथा, हा धडा एकच होता. टाळ्यांची चिंता करणाऱ्या कलावंताची जीभ आणि हार-जितीची चिंता करणाऱ्या योद्ध्याचा हात एकाच कारणाने अडखळतात.

टोकियोच्या गिंझा भागातील किमुराया हे पावाचे दुकानही तेश्शूंची आठवण जपते. लाल शेंगांचे गोड पुरण भरलेला ‘आनपान’ हा पाव या दुकानाने १८७४ मध्ये तयार केला. तेश्शूंना तो फार आवडे. त्यांच्याच पुढाकाराने ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राटांपुढे ठेवण्यात आला आणि दुकानाची भरभराट झाली. दुकानाच्या पाटीवरील अक्षरेही तेश्शूंचीच.

सुलेखनातून त्यांना मोठे उत्पन्न होऊ शकले असते. त्यांच्या हातून लाखो अक्षरपत्रे उतरली. पण त्यांचा पैसा मंदिरांच्या उभारणीस आणि गरजूंना जाई. १८८३ मध्ये त्यांनी यानाका भागात झेन्शो-आन हे मंदिर स्थापन केले, ते सत्तांतराच्या लढायांत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ. १८८७ मध्ये सरकारने त्यांना उमराव पद दिले, तेव्हाही घरातील राहणी पूर्वीसारखीच होती.

अखेरचा वर्ग

पोटाच्या कर्करोगाने तेश्शू आजारी पडले. १८८८ च्या जुलैमध्ये अखेर जवळ आल्याचे सर्वांना कळले आणि शिष्य घरात जमले. पहाटे नेहमी ऐकू येणारे शिनाईचे आवाज त्या दिवशी नव्हते. तेश्शूंनी कारण विचारले. आपल्याजवळ राहता यावे म्हणून सराव बंद ठेवला आहे, असे उत्तर मिळाले. माझा मान राखावयाचा असेल, तर तालमीत जा, असे सांगून त्यांनी सर्वांना परत पाठविले, अशी आठवण सांगितली जाते. १९ जुलै १८८८ रोजी ध्यानाच्या आसनात बसलेले असतानाच त्यांनी प्राण सोडला. वयाची त्रेपन्न वर्षेही पूर्ण झाली नव्हती. झेन्शो-आन मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे. एन्चोही तेथेच विसावले आहेत.

तेश्शूंचे घराणे त्यांच्या मागेही टिकले. त्याचे पाचवे प्रमुख इशिदा काझुतो १९६९ ते १९७३ या काळात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश होते. अखिल जपान केंडो महासंघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. दुसऱ्या महायुद्धानंतर खड्गविद्येवर निर्बंध आले होते. ते उठल्यावर १९५२ मध्ये हा महासंघ स्थापन झाला. तलवारीच्या तत्त्वांच्या आधारे माणसाची जडणघडण करणे, हे केंडोचे ध्येय असल्याचे महासंघाने १९७५ मध्ये जाहीर केले. जी गोष्ट तेश्शू आपल्या घराच्या आवारातील तालमीत मूठभर शिष्यांना सांगत होते, तीच आता जगभरच्या केंडोशाळांत पहिल्या दिवशी सांगितली जाते.

उतरणाऱ्या भावाने घाबरून विकणारा आणि चढणाऱ्या भावाने आणखी थांबणारा तो योकोहामाचा तरुण व्यापारी आपल्याला अनोळखी नाही. बाजाराचा आकडा रोज पाहणाऱ्या गुंतवणूकदारात तो आहे आणि कर्जप्रकरणावर सही करताना मागच्या एका बुडीत खात्याच्या आठवणीने हात आखडणाऱ्या अधिकाऱ्यातही तो आहे. हिशेब करू नये, असे त्या व्यापाऱ्याने म्हटले नव्हते, तेश्शूंनीही म्हटले नाही. हिशेब आधी करावा, पुरता करावा आणि स्वच्छ मनाने करावा. त्यानंतर हात भीतीच्या किंवा लोभाच्या ताब्यात देऊ नये, एवढेच दोघांचे सांगणे होते. तेश्शूंना ते उमगण्यास सतरा वर्षे लागली. आपल्या शिष्यांना त्यांनी ते शब्दांनी सांगितले नाही. तीन वर्षे सरळ पुढे जाऊन वार करावयास लावले.